गव्हाच्या देशात गव्हाविना

धार आणि देवास या दोन्ही गावी मराठी घरे स्थिरावली ती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, पवारांच्या बरोबर. कारभारी, शिलेदार, भिक्षुक, कारकून अशी नाना तऱ्हेची माणसे दक्षिणेतून आली आणि त्यांच्यासवे त्यांची भाकरीही आली. पण माळव्याच्या काळ्या जमिनीने या मंडळींना गव्हाची अशी गोडी लावली की, भाकरी हळूहळू पानातून उठली आणि पोळीने तिची जागा घेतली. आज आमच्या घरांत सकाळी पोळी, संध्याकाळी पोळी. पाहुणे आले तर दाळ-बाफले. होळीला पुरणपोळी, सत्यनारायणाला रव्याचा शिरा, प्रवासाला पुऱ्या आणि सुटीच्या दिवशी सकाळी पोह्यांबरोबर जिलबी. या सबंध यादीत पोहे तेवढे तांदळाचे. बाकी सारा गहू. अशा घरात गहू न सोसणारे मूल जन्माला आले, तर त्याने जेवावे काय?

असे एक मूल डोळ्यांसमोर आणू या. चार-साडेचार वर्षांचे असावे. हातपाय काटकुळे, पोट मात्र डेऱ्यासारखे पुढे आलेले. वारंवार पातळ शौचाला होते. एखाद्याला उलट मलावरोधच होतो. चेहरा फिकट, आणि लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने देऊनही तो फिकटपणा हटत नाही. बरोबरीची मुले वाढली, याची उंची दाराच्या चौकटीवरील गेल्या वर्षीच्या खुणेपाशीच अडली. स्वभाव किरकिरा. आणि ताट पुढे आले की तोंड फिरवायचे! आजी म्हणते दृष्ट लागली, वडील म्हणतात लाड फार झाले, शेजारीण म्हणते खोडकरच आहे मुळात. मग चिऊ-काऊचे घास होतात, धाक होतो, आमिष होते. आणि पोळीचे चार घास कसेबसे पोटात ढकलले की घरच्यांना धन्यता वाटते.

ज्या घासांसाठी एवढा आटापिटा चालला आहे, तेच घास त्याला आजारी पाडीत असतील, ही शंका कोणाला येत नाही. या व्याधीचे नाव सीलियाक. ग्रीक भाषेत कोइलिया म्हणजे पोट. त्यावरून हे नाव पडले.

गव्हात असे काय आहे, हे समजून घेण्यासाठी विद्यार्थिमित्रांनी घरी एक सोपा प्रयोग करावा. मूठभर कणीक घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. मग तो गोळा पाण्याच्या बारीक धारेखाली हलक्या हाताने चोळीत राहा. पांढरे पाणी निघत जाईल, ते पिष्ट. पाणी स्वच्छ येऊ लागले म्हणजे हातात एक करडा, चिवट, रबरासारखा ताणला जाणारा गोळा उरेल. तो ग्लूटेन. इटलीतील बोलोन्याच्या बेक्कारी नावाच्या विद्वानाने हाच प्रयोग केला आणि त्याची हकीकत १७४५ साली प्रसिद्ध झाली. पोळी लाटता येते, तिला पदर सुटतात, पाव फुगतो, तो या चिवट प्रथिनामुळे. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरी लाटण्याऐवजी थापावी लागते. गव्हाप्रमाणेच जव आणि राय या धान्यांतही याच जातीची प्रथिने असतात.

आपल्या लहान आतड्याचा आतला पृष्ठभाग मखमलीसारखा असतो. त्यावर असंख्य सूक्ष्म अंकुर असतात आणि त्यांच्याद्वारे अन्नरस रक्तात शोषला जातो. सीलियाक असणाऱ्याच्या शरीरात ग्लूटेन गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा चुकीच्या शत्रूवर उठते आणि आपल्याच आतड्यावर घाव घालते. मखमलीचे लव झडून तिचे गुळगुळीत कापड व्हावे तसे ते अंकुर झिजतात. मग मुलाने बदाम खाल्ले काय आणि तूप खाल्ले काय, बरेचसे अन्न अंगी न लागता तसेच निघून जाते. हा रोग संसर्गजन्य नाही. त्याची प्रवृत्ती आनुवंशिक असते. परंतु ती असणाऱ्यांपैकी थोड्यांनाच प्रत्यक्ष रोग जडतो. एका भावंडाला तो असला तर इतर भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करून घ्यावी, असे डॉक्टर सांगतात, ते याच कारणाने.

या रोगाचे कारण सापडण्यास फार काळ लागला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ॲरेटियस या ग्रीक वैद्याने त्याचे वर्णन करून ठेवले आहे. त्यानंतर १८८८ साली लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी मुलांमधील या व्याधीवर एक निबंध लिहिला आणि रोगी बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, असे अचूक भाकीत केले. कोणत्या आहाराने, हे मात्र त्यांना उमगले नाही. त्यांच्या निबंधात एका मुलाची हकीकत आहे. त्याला रोज मापभर डच शिंपल्यांचे मांस खाऊ घातले. तो उत्तम सुधारला. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि तो पुन्हा खालावला. पुढच्या वर्षी हंगाम आला तेव्हा, काय वाटेल ते केले तरी, त्या बालकाने शिंपल्यांना तोंड लावले नाही! पथ्य सापडले तरी ते मुलाच्या गळी उतरत नाही, ही आजच्या आयांची तक्रार सव्वाशे वर्षांहून अधिक जुनी आहे, ती अशी.

पुढे अमेरिकेत १९२४ साली सिडनी हास या डॉक्टरांनी केळ्यांच्या आहाराचा पुरस्कार केला. मुले सुधारली आणि सगळे श्रेय केळ्यांना मिळाले. वास्तविक गुण होता तो केळी खाण्यात नव्हे, पाव न खाण्यात. हे कोडे उलगडले हॉलंडमध्ये. हेग येथील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाविषयी संशय महायुद्धापूर्वीच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी व्यापलेल्या त्या देशात भीषण उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद खाऊ लागले. निरोगी मुले वाळत होती. पण या व्याधीची मुले त्या उपासमारीतही तग धरून होती, आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली, असे सांगतात. डिके यांनी आपला प्रबंध १९५० साली सादर केला आणि गव्हावरचा आरोप सिद्ध झाला. या गोष्टीत दुष्काळाचा भाग फार रंगवून सांगितला जातो. मला मात्र त्याआधीची कित्येक वर्षे एकेका मुलाच्या आहाराची टिपणे ठेवणारा डॉक्टर अधिक मोठा वाटतो.

आपल्याकडे हा पाश्चात्यांचा रोग समजला जाई. १९६६ साली वालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातील मुलांची माहिती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा तो समज ढळला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्ली परिसरातील एका पाहणीत सुमारे ९६ माणसांत एकाला हा विकार आढळला. २०१६ च्या दुसऱ्या पाहणीचा निष्कर्ष तर विचार करण्याजोगा आहे. उत्तरेत हे प्रमाण शेकडा १.२३ आणि दक्षिणेत शेकडा ०.१० निघाले, आनुवंशिक प्रवृत्ती मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखीच! फरक होता तो मुख्यत्वे ताटातल्या गव्हाचा. माळवा या पाहणीत नव्हता. पण ताटापुरते बोलायचे तर आम्ही उत्तरेचेच.

शंका आली तर काय करावे? येथे एक चूक वारंवार होते. कोणी तरी सांगते म्हणून घरचे लोक गहू आधी बंद करतात आणि तपासणीला मागाहून जातात. असे कदापि करू नये. रक्तात जी विशिष्ट प्रतिद्रव्ये शोधावयाची, ती गहू बंद केल्यावर ओसरू लागतात आणि तपासणी निरर्थक ठरते. आधी रक्ततपासणी, मग डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास दुर्बिणीने आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून परीक्षा, आणि निदान पक्के झाल्यावरच पथ्य. धार-देवासच्या लोकांना यासाठी बहुधा इंदूर गाठावे लागते. तो हेलपाटा चुकवू नये. कारण हे पथ्य महिना-दोन महिन्यांचे नव्हे, जन्माचे आहे, आणि जन्माची गोष्ट अंदाजावर ठरवता येत नाही. यावर औषध नाही. पथ्य हेच औषध, आणि ते नीट पाळले तर बालकांचे आतडे पूर्ववत होते.

निदान झाले म्हणजे घरावर आभाळ कोसळते. बाजारात ग्लूटेनमुक्त म्हणून विकली जाणारी बिस्किटे आणि पिठे महाग असतात, आणि पुष्कळदा त्यांत साखर जास्त व कोंडा कमी असतो. त्यांच्या मागे धावण्यापूर्वी गृहिणीने आपल्या देव्हाऱ्याकडे आणि पंचांगाकडे पाहावे. साबूदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, शेंगदाणे, बटाटा, रताळे: आपल्या उपवासाच्या फराळात गहू नाहीच! आपल्या आज्या शेकडो वर्षे हा स्वयंपाक करीत आल्या आहेत. त्याखेरीज भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, सर्व डाळी, दूध, दही, अंडी, फळे, भाज्या या साऱ्या मोकळ्या आहेत. उकडीचे मोदक आणि अनारसे तांदळाचे. करंजी मात्र मैद्याची किंवा रव्याची. धार जिल्ह्याच्या भिल्ल वस्तीत मक्याच्या पिठाचे पानिये पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात आणि दाळीबरोबर खातात. घरात दाळ-बाफल्यांचा बेत असेल त्या दिवशी या मुलासाठी पानिये करावे. त्याची दाळ तीच, तूप तेच, आणि पंगतही तीच.

पण धान्य निर्दोष म्हणून पीठ निर्दोष असेलच असे नाही. आपण ज्वारी घेऊन गिरणीत जातो. आधीच्या माणसाने गहू दळलेला असतो, आणि त्याचे पीठ जात्याच्या पाळूंत आणि कापडी नळीत राहिलेले असते. ते आपल्या डब्यात उतरते. एवढ्याशाने काय होणार, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका अभ्यासात रोज केवळ ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिले असता आतड्याला इजा झाल्याचे आढळले. एका मध्यम पोळीत सुमारे तीन ग्रॅम ग्लूटेन असते. म्हणजे पोळीच्या साठ भागांपैकी एक भाग, बोटाच्या पेरावर मावेल एवढा तुकडा, रोज पोटात गेला तरी पुरे! ग्लूटेनमुक्त म्हणविण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे, यावरूनही गोष्ट किती सूक्ष्म आहे ते कळेल. म्हणून या मुलाचे दळण घरीच करावे. जुने जाते गहू न लावता वापरता आले तर उत्तम, नाही तर लहान घरगुती चक्की. धान्य आधी निवडून घ्यावे, कारण ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात. पोळपाट, चाळणी आणि तवा वेगळा ठेवावा, आणि पुऱ्या तळलेल्या तेलात त्याचे वडे तळू नयेत.

काही शत्रू वेष पालटून येतात. हिंगाच्या डबीवरील बारीक अक्षरे वाचा. बाजारच्या हिंगात मैदा मिसळलेला असतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. थालीपीठाच्या भाजणीत कित्येक घरी गहू घालतात. मक्याच्या पिठातही कणीक मिसळण्याची रीत आहे, तेव्हा दुसऱ्याच्या घरची मक्याची रोटी विचारल्यावाचून देऊ नये. आमच्या माळव्याची लाडकी शेव बेसनाची खरी, परंतु हलवायाच्या दुकानात तिची कढई आणि शेजारच्या मठरीची कढई यांत किती अंतर असते, ते आपण सारे जाणतो.

आता मुख्य अडचण. हे सारे आईने शिकून घेतले, आणि मूल खातच नाही!

ते का खात नाही, हे आधी नीट ध्यानात घ्यावे. ज्याला जेवणानंतर वर्ष-दोन वर्षे पोटात दुखत आले, त्याने ताटाला भ्यावे यात नवल नाही. रक्तक्षयाने भूकही मरते. त्याच्या त्या नकाराला आपण हट्ट म्हणत होतो. वस्तुतः आपली व्यथा सांगण्याचा त्याच्यापाशी तोच एक मार्ग होता. गहू बंद झाल्यावर काही आठवड्यांत पुष्कळ मुलांची भूक आपोआप उजळते. तथापि सवय एवढ्यात जात नाही. त्यातून खाण्यात चोखंदळ असणारी मुले ज्या चार-पाच पदार्थांवर जगतात, ते बहुधा गव्हाचेच असतात: पोळी-साखर, बिस्किटे, टोस्ट, शेवया. म्हणजे त्याचा होता नव्हता तो आधारच काढून घेतला जातो.

म्हणून पहिल्याच दिवशी ज्वारीची जाड भाकरी पुढे करून युद्ध पुकारू नये. तो आज जे खातो, त्यात निर्दोष काय आहे ते आधी शोधावे. वरण-भात खातो? पोहे? दही-साखर, केळे, उकडलेला बटाटा, राजगिऱ्याची वडी? तेवढ्यावर पहिले काही दिवस निभावावे. मग त्या ओळखीच्या पदार्थाशेजारी नव्या पदार्थाचा बोटभर तुकडा ठेवावा आणि त्याविषयी अवाक्षर काढू नये. त्याने तो पाहिला, चिवडला, खाली टाकला तरी चालेल. नवा पदार्थ मुलाच्या अंगवळणी पडावयास दहा-पंधरा वेळाही तो पुढे यावा लागतो. आणि आपण तर तिसऱ्याच वेळी, याला आवडत नाही, असे म्हणून मोकळे होतो. काय वाढायचे, केव्हा आणि कोठे, हे वडीलधाऱ्यांनी ठरवावे. किती खायचे आणि खायचे की नाही, हे त्या मुलाने. जेवण अर्ध्या तासात आटोपावे. मध्येमध्ये दूध आणि खाऊ देत राहिले तर भूक लागणार कशी? आमिष दाखवू नये. हा घास खाल्लास तर मिठाई देईन, असे म्हटले की घास ही शिक्षा आणि मिठाई हे बक्षीस, एवढेच तो शिकतो.

पोळीच्या मऊपणाला सरावलेल्या दातांना भाकरी कठीण वाटते. यावर पाककुशल गृहिणींना उपाय ठाऊक आहेत. पीठ उकळत्या पाण्यात उकडून मळावे, भाकरी तळहाताएवढी करावी, गरम असताना तूप-गूळ लावून द्यावी. दुधातली दशमी अधिक मऊ होते. तांदळाची घावने, आंबोळी, मूगडाळीचे धिरडे ही तर मुलांना सहज रुचतात. नाना पिठे आणि डिंक मिसळून हुबेहूब पोळी बनविण्याचा खटाटोप काही जणी करतात. माझ्या मते तो व्यर्थ आहे. नकली पोळी खरीच्या तुलनेत नेहमी हरते. धिरड्याची तुलना कोणी पोळीशी करीत नाही. मुलाला पाटावर शेजारी बसवून त्याच्याकडून एक वेडीवाकडी भाकरी थापून घ्यावी. स्वतः थापलेली भाकरी सहसा परत जात नाही.

मात्र नुसत्या भात-बटाट्यावरही थांबू नये. त्याने पोट भरते, रक्त भरत नाही. डाळी, तीळ, नाचणी, पालेभाजी, अंडे यांतले काही ना काही रोज सरकवीत राहावे. वजन आणि उंची यांची नोंद ठेवावी. डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त पुन्हा तपासावे. मूल तीन-चार पदार्थांपलीकडे जातच नसेल किंवा वजन घटत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता आहारतज्ज्ञांकडे जावे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वर्गात असा एखादा सोबती असू शकेल. मधल्या सुटीत डबे उघडतात, तेव्हा तो आपला डबा जरा बाजूला घेऊन बसतो. त्याला गर्विष्ठ समजू नका, आणि माझ्या आईने केलेला शंकरपाळा एक तरी घे, असा आग्रह धरू नका. त्या आग्रहाला नाही म्हणणे सात-आठ वर्षांच्या मुलाला फार जड जाते. नाही म्हणाला तर मैत्री जाते आणि हो म्हणाला तर प्रकृती. वाढदिवसाला वर्गात खाऊ वाटायचा असेल तर केकऐवजी चिक्की, खोबऱ्याची वडी किंवा फळे निवडा, म्हणजे त्यालाही हात पुढे करता येईल. शिक्षकांना आणि डबा वाढणाऱ्यांना ही गोष्ट आईवडिलांनी वर्षारंभीच लेखी कळवावी.

नातेवाइकांची गोष्ट याहून अवघड. लग्नकार्यात कोणी तरी प्रेमळ आत्या किंवा मावशी मुलाला कोपऱ्यात नेऊन लाडू भरवतेच: एका लाडवाने का कोणी मरते, असे म्हणत. त्या रात्री पोट दुखले तर एक वेळ बरे, कारण तिला दाखविता तरी येते. पुष्कळदा वरून काहीच दिसत नाही. आत मात्र महिनाभर सावरलेली मखमल पुन्हा झडू लागते. अशा वेळी आईला कठोर व्हावे लागते आणि चार माणसांत वाईटपणाही घ्यावा लागतो. सासूबाई तिच्या बाजूने उभ्या राहिल्या, तर निम्मे काम होते.

आषाढी एकादशीला अशा घरात वेगळी कढई लागत नाही. साबूदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. त्या एका दिवशी आजी, आजोबा, आईवडील आणि भावंडे यांच्या ताटांत तेच असते जे त्याच्या ताटात रोज असते. आणि तो इतरांना विचारतो, तुम्हांला आणखी वाढू का?